आधी एक पावसाळा काढ, मग प्रमाणपत्र

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी झालंय, गाव कराडजवळ, दीड वर्षापासून पुण्यात एका अन्न तपासणी प्रयोगशाळेत नोकरी. भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत दोन क्रेट लावून घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करतेस आणि त्यात जीव रमतो. हे काम पोटापाण्याचं करता येईल का, कोणतं प्रमाणपत्र घ्यावं, अमेरिकेतलं सर्टिफिकेशन दिसतं ते घेतलं तर फायदा होईल का, हे तुला हवंय. आणि आई म्हणते, "एवढं शिकून कचऱ्यात हात घालणार का?" तिला काय सांगावं, हेही.

करता येईल. एकोणीस वर्षं माझं घर याच कामावर चालतंय. फक्त तू सुरुवात प्रमाणपत्रापासून केली आहेस आणि मी शेवट तिथे करणार आहे, कारण या धंद्यात ज्यांना मी अडखळताना पाहिलं त्यांच्यातल्या बहुतेकांकडे कागद होता, ढिगाचा अनुभव नव्हता.

तुझ्या क्रेटमध्ये रोज फार तर एक-दीड किलो जात असेल. एवढ्याशा मालात उष्णता टिकत नाही, बाजूंनी निघून जाते. म्हणजे तुझं खत बहुतेक काळ ३५ ते ४५ अंशांच्या आत झालंय. ते वाईट नाही, पण कंपोस्टिंगचा जो खरा उष्ण टप्पा, तो तू पुस्तकात वाचलास, हाताला लागलेला नाही. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी निदान एक मीटर असा ढीग घातला, त्यात ओलं-सुकं बरोबर जमलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत ५५ ते ६५ अंश चढतात. सकाळी फावड्यानं एक कड उघडली की वाफ तोंडावर येते, आणि आत राखाडी-पांढरं, पिठासारखं, बुरशीसारखं काहीतरी दिसतं. नवीन माणसं ते बघून घाबरतात. तू मायक्रोबायॉलॉजीची, तुला ते ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे दिसणारे जीवाणू) म्हणून ओळखू येतील आणि तुझं सगळं शिक्षण त्या क्षणी जागेवर बसेल.

म्हणून पहिलं काम: एक मोठा ढीग मिळव. स्वतःचा नको, कुणाचाही चालेल. ज्या सोसायटीत कंपोस्टचे पिट (खताच्या टाक्या) आहेत आणि नीट चालत नाहीत (अशा पुण्यात खूप आहेत) तिथल्या कमिटीला सांग की मी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस येते, फुकट येते, फक्त मला वही ठेवू द्या. कुणी नाही म्हणणार नाही. शनिवार-रविवार आणि एक संध्याकाळ, नोकरी सांभाळून जमेल.

वहीबद्दल मी हट्टी आहे. रोज किती किलो ओला कचरा आला, त्यात किती पालापाचोळा किंवा भुसा घातला, तापमान एक वीत खोल किती आणि एक हात खोल किती, वास कसा, मूठ दाबल्यावर काय झालं, पलटी कधी मारली (म्हणजे ढीग खालीवर कधी केला), पाऊस होता का. लांब दांडीचा डायल थर्मामीटर घे, बाजारात सहज मिळतो. मूठ म्हणजे अशी: ढिगाच्या आतून पसाभर माल घ्यायचा आणि सगळा जोर लावून दाबायचा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब डोकावले आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल साधारण ५० ते ६० टक्के आहे, ठीक आहे. पाण्याची धार लागली तर हवा कोंडली आहे. गोळा झालाच नाही, भुरभुरला, तर जीवाणू तहानलेले आहेत. ओल मोजायचं यंत्र माझ्याकडेही आहे. पण दिवसातून दहा ढीग बघायचे असतात तेव्हा मूठच कामाला येते, आणि ओव्हनमध्ये वाळवून काढलेल्या आकड्याशी ती पंधरा-वीस वेळा ताडून पाहिली की तिच्यावर भरवसा बसतो. तुझ्याकडे लॅब आहे. परवानगी मिळाली तर हे ताडून पाहायचं काम तू पहिल्याच महिन्यात कर.

कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर तुला पाठ असेल: सुरुवातीला २५ ते ३० ला १. प्रत्यक्षात कुणी पिटवर उभं राहून गुणोत्तर काढत नाही. आपल्याकडच्या स्वयंपाकघरातला कचरा म्हणजे भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, शिळं अन्न. त्यात पाणीच ७०-८० टक्के, आणि गुणोत्तर १५ ते २० च्या आसपास. म्हणजे कार्बन वाढवायला एका बादलीला एक ते दोन बादल्या कोरडा पाला लागतो. पाला कोणता, यालाही महत्त्व आहे. गुलमोहर आणि सोनमोहराची बारीक पानं सोनं आहेत. आंब्याची, वडाची, फणसाची जाड चिवट पानं तशीच टाकली तर सहा महिन्यांनीही ओळखू येतात. ती आधी तुकडे करून घ्यावी लागतात. लाकडाच्या भुशात कार्बन भरपूर, पण तो हळू सुटतो, आणि प्लायवुडचा भुसा असेल तर त्यात डिंक-रसायनं असतात, तो कधीच घेऊ नकोस. वखारीत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून आण.

आता पावसाळा. शीर्षकात मी त्याचं नाव का घातलं ते सांगते. माझ्या दुसऱ्या वर्षी कोथरूड भागातल्या एका सोसायटीचं काम माझ्याकडे होतं. सहा पिट, रोज ऐंशी-नव्वद किलो. फेब्रुवारी ते मे सगळं इतकं छान चाललं की मला वाटलं, जमलं. जूनच्या शेवटी पाल्याची पोती संपली. रस्त्यावर जो पाला होता तो भिजलेला. पत्र्याच्या कडेनं पिटात पाणी उतरत होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या आजी खिडकी लावूनही झोपू शकत नव्हत्या. पिट उघडलं तर काळा, बुळबुळीत, आंबट गाळ, खाली वीतभर पाणी. कमिटीची तातडीची बैठक, त्यात पंचवीस लोक आणि समोर मी.

त्या रात्री मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक, दुकानातून 'कल्चर'चे, म्हणजे जीवाणूंच्या विरजणाचे, डबे आणून ओतायचे. बहुतेक जण तेच करतात. पण तिथे जीवाणू कमी नव्हते, हवा कमी होती. म्हणून मी दुसरी धरली: माल बाहेर काढून हवा द्यायची. दुसऱ्या दिवशी मी आणि दोन ताई, आम्ही तिघींनी घमेल्यानं सहाही पिट रिकामे केले, ताडपत्रीवर माल पसरला, वखारीतून वीस पोती कोरडा भुसा आणला, मिसळला, तळाशी विटांचे तुकडे आणि फांद्यांचा थर घालून पुन्हा भरला, पत्र्याला पन्हळ लावली. तिसऱ्या दिवशी थर्मामीटर ५८ वर होता आणि आंबट वास गेला होता. तेव्हापासून दर जानेवारीला मी पाल्याची पोती मोजून भरते: रोजच्या प्रत्येक दहा किलो ओल्या कचऱ्यामागे पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी किती लागतील याचा हिशेब वहीत असतो. रस्ता झाडणाऱ्या ताई पाला जाळायच्या, त्याच आता मला पोती भरून देतात, दर पोत्यामागे पैसे घेतात. सगळ्यांचं भलं झालं.

दुसरी चूक याहून महाग पडली. ढीग थंड झाला म्हणजे खत तयार झालं, असं मी धरून चालले होते. मार्च महिन्यात एक ढीग थंड झाला, मी चाळला आणि एका रोपवाटिकेला चारशे किलो दिला. त्यांनी टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेमध्ये वापरला. दहा दिवसांत पानं पिवळी, मुळं तपकिरी. ढीग तयार झाल्यामुळे थंड झाला नव्हता, तो उन्हाळ्यात सुकला म्हणून थंड झाला होता. ओल मिळताच ट्रेमध्ये पुन्हा कुजायला लागला. मी रोपांचे पैसे भरून दिले आणि त्या दिवसापासून तीन चाचण्या केल्याशिवाय किलोभरही बाहेर जात नाही. माल किंचित ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद तीन दिवस ठेवायचा, उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायला हवा, अमोनिया किंवा आंबूस नको. ओला करून बादलीत भरायचा आणि पुन्हा तापतो का बघायचं. आणि मेथीचे पन्नास दाणे खताच्या अर्कात, पन्नास साध्या पाण्यात; अर्कातले लक्षणीय कमी उगवले किंवा मुळं आखूड राहिली तर माल परत मुरायला. उष्ण टप्पा दोन-तीन आठवड्यांत उरकतो, मुरायला मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. घाई करणारा माणूस याच टप्प्यावर चुकतो.

याच कारणानं तुला एक इशारा देते. '२४ तासांत खत' म्हणून विकली जाणारी यंत्रं तुला भेटतील, कदाचित त्यांच्या विक्रीची नोकरीही मिळेल आणि पगार बरा असेल. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत कचरा गरम करून वाळवतात आणि बारीक करतात. जे बाहेर येतं ते सुकं अन्न असतं. त्यावर पाणी टाक, दोन दिवसांत बुरशी आणि वास. त्याला पुढे पाल्याबरोबर मुरवलं तर खत होतं, पण ते २४ तासांत नाही. कचरा कापून, भुसा-कल्चर मिसळून पुढे क्रेटमध्ये मुरवणारी यंत्रं वेगळी, ती उपयोगाची आहेत. फरक समजून घेतल्याशिवाय कुणाच्याही यंत्राला तुझ्या तोंडानं 'कंपोस्टर' म्हणू नकोस. या धंद्यात आपला शब्द हीच पुंजी आहे.

पैशांचं बोलू. नवीन मुलं खत विकून पैसे मिळतील असं समजून येतात. हिशेब करून बघ. दोनशे घरांची सोसायटी, घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला तर रोज १०० किलो. त्याचं चाळलेलं खत मिळेल २० ते २५ किलो. दहा रुपये किलोनं सगळं विकलं असं समजलं तरी महिन्याला सहा-साडेसात हजार. एका पूर्णवेळ माणसाचा पगारही त्यातून निघत नाही. तीच सोसायटी घरटी महिन्याला शंभर रुपये सेवाशुल्क देते असं धर, वीस हजार झाले, आणि खत त्यांच्याच बागेला. एका सोसायटीत भागत नाही, जवळजवळच्या पाच-सहा धरल्या की माणसं, टेम्पो, पाला यांचा खर्च वाटला जातो. म्हणजे आपण खत विकत नाही. कचरा रोज, वास न येता, वेळेवर मार्गी लागेल ही खात्री विकतो. हे एकदा डोक्यात बसलं की दर सांगताना जीभ अडखळत नाही.

हे काम मिळतं त्याला कायद्याचं पाठबळ आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींना-संस्थांना ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. नियम पुढे बदलतात, महापालिका आपापल्या उपविधी काढतात. दर वर्षी नवीन मसुदा मुळातून वाचायची सवय लाव. कमिटीच्या बैठकीत ज्याच्या हातात नियमाची प्रत असते त्याचं ऐकलं जातं.

पण सोसायटी हा एकच रस्ता नाही, आणि तुझ्या बाबतीत तर तो सर्वांत चांगला असेलच असं मला वाटत नाही. तू कराडची. तुमच्या पट्ट्यात साखर कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. प्रेसमडचे (उसाच्या रसातून निघालेल्या गाळाचे) लांबच लांब विंड्रो, म्हणजे लांबट ढीग, घालून, एरोटिलर या यंत्रानं पलटी मारत हजारो टन खत करतात. काही डिस्टिलऱ्या त्यावर स्पेंटवॉश, म्हणजे त्यांचं सांडपाणीही वापरतात, जरी अलीकडे अनेकांनी स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळायचा मार्ग धरला आहे. तिथे तापमान, ओल, गुणोत्तर बघणारा, नमुने घेऊन अहवाल करणारा शिकलेला माणूस लागतो. मायक्रोबायॉलॉजीची पदवी तिथे थेट उपयोगी पडते. दुसरी जागा बटण मशरूमची. गव्हाचा पेंढा आणि कोंबडीखत यांचं कंपोस्ट करणं हे मशरूम प्रकल्पाचं काळीज आहे, त्यात पाश्चरायझेशन (उष्णतेनं नको ते जंतू मारणं) चुकलं तर अख्खी खोली जाते. कंपोस्टमधलं सर्वांत बारकाईचं काम मी तिथे पाहिलं. तिसरी, नगरपालिकांचे प्रकल्प: ठेकेदार बदलतात, पगार उशिरा होतात हे खरं, पण रोज पन्नास टनांचा माल हाताळायचा अनुभव दुसरीकडे मिळत नाही. लहान गावांनी मोठ्या शहरांना धडा दिल्याची उदाहरणंही आहेत. वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेचा कंपोस्ट डेपो जाऊन बघून ये, कचरा वेगळा झाला की डेपो किती स्वच्छ राहू शकतो ते दिसेल. आणि चौथी, तपासणी. चांगली खत-तपासणी करणारी, नमुना कसा घ्यायचा हे शिकवणारी माणसं कमी आहेत, आणि तू आत्ता ज्या खुर्चीवर बसली आहेस तिथून ती पायरी एकच आहे.

आता प्रमाणपत्र. इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, तुझ्याही प्रश्नात झाली आहे. एक असतं माणसाचं प्रमाणपत्र: अमुक व्यक्तीला हे काम येतं. दुसरं मालाचं: हे खत अमुक दर्जाचं आहे. तिसरा परवाना: हा माल बनवायला आणि विकायला परवानगी आहे. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्याला कायद्याचं बळ आहे. पहिल्यासाठी डॉक्टर-वकिलासारखी कोणतीही सक्तीची नोंदणी नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही म्हणून तुला कुणी या कामापासून अडवणार नाही, आणि ते आहे म्हणून आपोआप काम मिळेल असंही नाही.

मालाचा दर्जा ठरतो खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार. शहरी कंपोस्टसाठी त्यातले आकडे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत: ओल १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कार्बन किमान १२ टक्के, नत्र किमान ०.८, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी किमान ०.४ टक्के, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २० च्या आत, सामू (पीएच) ६.५ ते ७.५, विद्युतवाहकता (क्षार किती आहेत ते दाखवणारा आकडा) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत, ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा. वर जड धातूंच्या मर्यादा: शिसं किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५ च्या आत, पारा ०.१५ च्या आत. गांडूळखताचे निकष वेगळे आणि थोडे कडक, तिथे कार्बन १८ टक्के आणि नत्र १ टक्का लागतो. यात नवशिक्यांना नडतो तो नत्र नव्हे, विद्युतवाहकता. हॉटेलचं खरकटं जास्त आलं की मीठ, लोणचं, सोडा सगळं ढिगात, आणि वाहकता ४ ओलांडते. अशा वेळी खरकटं निथळून घ्यायचं आणि पाल्याचं प्रमाण वाढवायचं, नंतर सुधारणं अवघड जातं. आपल्या राज्यात नगरपालिकांच्या तपासलेल्या खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव मिळतं, तेही असेच निकष पूर्ण झाल्यावर. आणि खत म्हणून पिशवीत भरून विकायचं असेल तर कृषी विभागाची रीतसर परवानगी लागते. ओळखीच्या लोकांत विकतोय म्हणून चालतं, असं समजून पुढे जाऊ नकोस.

माणसाच्या प्रमाणपत्राकडे येते. कृषी क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा 'गांडूळखत उत्पादक' हा अभ्यासक्रम आहे. हरित रोजगारांसाठीची कौशल्य परिषदही कचरा व्यवस्थापनातली प्रमाणपत्रं देते. कालवड्याचं कृषी विज्ञान केंद्र तुझ्या घराजवळ आहे, अशा केंद्रांत छोटी प्रशिक्षणं होतात, फी नगण्य असते. नागपूरला केंद्र सरकारचं सेंद्रिय व नैसर्गिक शेतीचं प्रादेशिक केंद्र आहे. इग्नूचा सेंद्रिय शेतीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नोकरी करत पूर्ण होतो. यातलं एक घे, कोणतंही. टेंडरमध्ये किंवा बँकेत कर्ज मागताना 'प्रशिक्षित' हा रकाना भरायला ते लागतं. चार घेऊन भिंत भरू नकोस, तो वेळ ढिगाला दे.

अमेरिकेतल्या सर्टिफिकेशनबद्दल. तिथल्या यूएस कंपोस्टिंग कौन्सिलशी जोडलेली व्यावसायिक प्रमाणपत्राची पद्धत मला मनापासून आवडते, कारण ती नुसत्या कोर्सवर मिळत नाही. आधी कामाचा अनुभव दाखवायचा, मग परीक्षा, आणि पुढे ठरावीक काळानं शिकत राहिल्याचा पुरावा देऊन नूतनीकरण. अशी पद्धत आपल्याकडे यायला हवी आणि ती आणायला तुझ्या पिढीनं झटायला हवं. पण आज तू ती परीक्षा देऊन काय मिळवशील? प्रश्न तिथल्या कायद्यांवर, तिथल्या यंत्रांवर. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याचं काही नाही. परदेशात जायचं असेल, किंवा परदेशी कंपनीच्या प्रकल्पावर काम करायचं असेल, तर चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर जरूर दे. आत्ता परीक्षा नको, तिचा अभ्यास घे. उदाहरणार्थ, रोगजंतू मारण्याचा तिथला नियम: विंड्रोत ५५ अंश किंवा जास्त तापमान १५ दिवस टिकलं पाहिजे आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटी मारली पाहिजे, बंद पात्रात किंवा खालून हवा दिलेल्या ढिगात तीन दिवस. हे माझ्या प्रत्येक साइटच्या भिंतीवर मराठीत लिहिलेलं आहे, कारण नियम तिथला असला तरी जंतू सगळीकडे सारखेच मरतात.

माझ्याकडे कुणी काम मागायला आलं तर मी काय बघते, ते सांगते. बारा महिन्यांची वही, त्यात पावसाळ्याचे चार महिने रिकामे नसलेले. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे निदान दोन अहवाल, एक चांगला आणि एक नापास झालेला, आणि नापासाचं कारण स्वतःच्या शब्दांत. मग मी ढिगाजवळ नेते आणि विचारते, "याला काय हवंय?" जो लगेच बोलायला लागतो त्याला मी थांबवते. जो आधी हात घालतो, त्याच्याशी पगाराचं बोलते.

हात घालणं यावरून: हातमोजे आणि मास्क यात हयगय नको. पलटी मारताना ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू ढगासारखे उडतात, दमा असणाऱ्याला ते धोक्याचे. ओल्या कचऱ्यात सुया, ब्लेड, डायपर येतात. धनुर्वाताची लस वेळेवर घे. आणि लीचेटच्या (कचऱ्यातून गळणाऱ्या पाण्याच्या) खोल टाकीत कधीही, कुणालाही उतरवू नकोस, कितीही छोटं काम असलं तरी. आतला वायू माणसाला हाक मारायचीही संधी देत नाही.

आईचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. कचऱ्याचं काम आपल्या समाजात कुणाच्या वाट्याला आलं आणि का आलं, हे त्यांनाही ठाऊक आहे, तुलाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. त्यात बहुसंख्य बाया, बहुसंख्य दलित. तू आणि मी ज्याला करिअर म्हणतो ते काम त्यांनी आपल्याआधी, विनामास्क, विनापगारपत्रक केलेलं आहे. त्यांच्याकडून शिक. माझ्याकडच्या एका ताईंना शाळेचं तोंड माहीत नाही, पण पिटाच्या झाकणावर हात ठेवून त्या तापमान सांगतात आणि थर्मामीटर तीन अंशांच्या आत साक्ष देतो. अशांना पूर्वानुभवाची दखल घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. तू जेव्हा तुझं प्रमाणपत्र घेशील तेव्हा तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांचंही करून घे, आणि तुझ्या दरपत्रकात त्यांचा पूर्ण पगार, विमा आणि सुट्टी धरूनच आकडा लिही. त्यानं काम हातचं गेलं तर जाऊ दे.

आणि आईला हेही सांग की हे कमी प्रतीचं ज्ञान नाही. इंदूरला इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि जी पुढे जगभर गेली, तिच्यावरचं १९३१ चं पुस्तक त्यांनी एकट्यानं लिहिलेलं नाही. सोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. विटांची जाळीदार टाकी बांधून थोड्या शेणात भरपूर खत करायची नाडेप पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची. आईंच्या माहेरी किंवा सासरी कुणाच्या तरी शेतात अशी टाकी असेल, विचारून बघ. पण बोलून पटणार नाही, आणायला हवं. माझ्या साइटवर त्यांना एक दिवस घेऊन ये. चाळलेलं खत हातात घेऊन वास घेतला की निम्मं काम होतं, शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला तो वास ओळखावा लागत नाही.

नोकरी आत्ता सोडू नकोस. एक पावसाळा पूर्ण काढ, वही भर, दोन अहवाल काढ, एखादं प्रमाणपत्र घे, त्यात दीड वर्ष जाईल. तोवर तुला कळलेलं असेल की तुला सोसायटीत माणसांशी बोलायला आवडतं, कारखान्यात विंड्रोवर उभं राहायला आवडतं, की लॅबमध्ये खताचे नमुने तपासायला. तिन्हीकडे जागा आहे.

सध्या जानेवारी चालू आहे. सोनमोहर, शिरीष झडायला लागलेत. तुझ्या गल्लीत सकाळी साडेसहाला रस्ता झाडणाऱ्या ताई कोण आहेत ते उद्या बघ, त्यांच्याशी बोल, आणि सोसायटी ठरायच्या आधीच वीस पोती पाला भरून कोरड्या जागी ठेव. पोत्यांना खालून वीट लाव, जमिनीची ओल चढते.